भाऊंची अत्तरपेटी

वडिलांना आम्ही सारी भावंडे 'भाऊ' म्हणत असू आणि आईला 'बाई'. नगरच्या कापडबाजारातील आमच्या दुकानात भाऊ 45 वर्षे गादीवर बसले. दुकानात सदैव कोऱ्या मांजरपाटाच्या खळीचा वास भरलेला असे. त्या वासातून भाऊंच्या अगदी जवळ गेले, तरच जाणवावा असा आणखी एक गंध असे. त्यांच्या डाव्या कानाच्या घडीत अत्तराचा मुगाएवढा फाया असायचा.

सकाळची सामायिक आटोपली की भाऊ चौदा नियम घेत. सचित्त, द्रव्य, विगय असे म्हणत म्हणत सातव्या 'कुसुम' या नियमापाशी ते येत. हुंगण्याच्या वस्तूंची दिवसाची मर्यादा ठरवायचा हा नियम. "कुसुम एक," असे पुटपुटून ते कपाटातील शिसवी पेटी उघडत आणि एकच कुपी बाहेर काढत. दुसऱ्या कुपीला त्या दिवशी हात लावीत नसत. लहानपणी मला मोठी गंमत वाटे. कापडाप्रमाणे सुगंधही मोजूनमापून घ्यायचा असतो, हे मला तेथे प्रथम कळले.

भाऊंच्या पश्चात ती पेटी माझ्याकडे आली. आत 11 कुप्या होत्या. प्रत्येकीवर भाऊंच्या बारीक अक्षरातील चिठ्ठी होती: गुलाब, केवडा, खस, मिट्टी, शमामा, ऊद वगैरे. गुलाब आणि केवडा मला ठाऊक होते. बाकीची नावे केवळ ऐकलेली. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला आणि मी ठरविले, की एकेक अत्तर पूर्ण दिवसभर अंगावर वागवायचे आणि त्याचा अनुभव जुन्या रोजमेळाच्या कोऱ्या पानांवर टिपायचा. भाऊंची आठवण जागवावी, एवढाच त्यामागचा हेतू होता. त्या पेटीत माझ्यासाठी एक प्रश्न वाट पाहत होता, हे मला ठाऊक नव्हते.

पहिला मान 'मिट्टी'ला दिला. उत्तर प्रदेशातील कनौज या गावी हे अत्तर तयार होते. मातीच्या अर्धवट भाजलेल्या चकत्या तांब्याच्या डेगेत पाण्यासह घालतात, झाकण चिखलाने लिंपून बंद करतात आणि खाली लाकडे व गोवऱ्यांची आच देतात. बांबूच्या नळीतून निघालेली वाफ 'भपका' नावाच्या भांड्यात उतरते. त्यात आधीपासून चंदनाचे तेल असते आणि ते मातीचा गंध धरून ठेवते. चंदन महागल्यापासून पुष्कळ ठिकाणी त्या जागी पॅराफिनचे तेल आले आहे. पण भाऊंची कुपी जुन्या पद्धतीची असावी. 1964 साली ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी पहिल्या पावसाच्या वासाला 'पेट्रिकोर' असे नाव दिले. भारतातील अत्तरवाले हा गंध आधीपासून कुपीत भरत आले आहेत, याची नोंद त्यांनीही आपल्या लेखात केली होती.

मनगटावर थेंब टेकविला, तेव्हा पहिली दहा मिनिटे मला केवळ थंड, ओलसर काहीतरी जाणवले. दुपारी गिऱ्हाइकाला ठाण उलगडून दाखविताना मात्र अकस्मात वळिवाचा वास आला. मी दाराकडे पाहिले. बाहेर लख्ख ऊन होते. आमच्या नगर जिल्ह्यात पावसाची वाट पाहणे म्हणजे काय असते, हे व्यापाऱ्यालाही शेतकऱ्याइतकेच ठाऊक असते. पाऊस पडला नाही तर दिवाळीला कापड उठत नाही. भाऊ हे अत्तर उन्हाळ्यात का लावीत, याचा उलगडा मला त्या दुपारी झाला.

खस हिरवट निघाली, रंगानेही आणि वासानेही. रंग तांब्याच्या भांड्याचा, हे मागाहून समजले. शमामा लावल्यावर तर पत्नी म्हणाली, "आज किराणा दुकानात जाऊन आलात का?" तिचे चुकले नव्हते. जटामांसी, लवंग, जायफळ, वेलची यांच्यासह आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफूलही शमाम्यात पडते. संध्याकाळपर्यंत मसाल्याचा तिखटपणा ओसरला आणि जुन्या लाकडी कपाटासारखा शांत वास मागे राहिला.

खरी परीक्षा उदाची होती. अगरूचे झाड निरोगी असते, तेव्हा त्याच्या लाकडाला विशेष वास नसतो. किडीने पोखरले, बुरशी शिरली, की झाड त्या जखमेभोवती राळ साठविते आणि तेच काळे पडलेले लाकूड मोलाचे ठरते. आसामातील होजाई हे गाव या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. सकाळी उदाचा थेंब लावला आणि मला शिसारी आली. गोठ्यातील ओले गवत, कातडे आणि आंबलेले काहीतरी, असा तो वास होता. हात धुतले, तरी जाईना. दुकानातील मुनीमजी दोन हात दूर सरकून बसले. आणि दुपारी चारच्या सुमारास, मी विसरूनही गेलो असताना, त्याच मनगटातून मधासारखा, धुपासारखा, खोल गोडवा येऊ लागला. सकाळी ज्याला नाक मुरडले, तोच हा वास, यावर विश्वास बसेना.

तेव्हा मला ज्ञाताधर्मकथेतील सुबुद्धी प्रधानाची कथा आठवली. स्थानकात अनेकदा ऐकलेली. चंपानगरीचा राजा जितशत्रू नगराबाहेरील खंदकाच्या दुर्गंधीने त्रासून नाक झाकतो. सारे दरबारी राजाच्या 'री'ला 'री' ओढतात. सुबुद्धी मात्र म्हणतो, की पुद्गलांचे परिणमन असेच असते, शुभाचे अशुभ होते आणि अशुभाचे शुभ. राजाला ते पटत नाही. मग सुबुद्धी तेच पाणी गुपचूप आणवितो, नव्या घड्यांतून पुनःपुन्हा गाळतो, सात आठवडे मुरवितो आणि एके दिवशी राजाला जेवणाबरोबर प्यायला देतो. राजा त्या पाण्याची वाखाणणी करतो आणि मग त्याला कळते, की हे त्याच खंदकाचे पाणी आहे. ही कथा मी कानांनी ऐकली होती. तिचा अर्थ नाकाने त्या दिवशी कळला. गंध हा पुद्गलाचा गुण. सुगंध म्हणून त्याला मिठी मारणे आणि दुर्गंध म्हणून झिडकारणे, ही दोन्ही आपल्या मनाची कामे.

पेटीतील शेवटची कुपी सर्वांत लहान होती. तिच्या बुचावर लाखेची मोहर होती आणि चिठ्ठीवर एकच शब्द: 'कस्तुरी'. मी मोहर फोडली.

प्रामाणिकपणे लिहितो, 11 अत्तरांत मला सर्वांत आवडले ते हे. तो वास नाकाला येत नसून अंगातूनच उमटत आहे, असे वाटे. ऊबदार, किंचित खारट, झोपलेल्या लहान मुलाच्या टाळूसारखा. दुसऱ्या दिवशीही शर्टाला तो होता. नियम एका दिवसाचा होता, तरी मी ते तीन दिवस लावले. गिऱ्हाइके विचारीत, "शेठ, कुठलं अत्तर?" आणि मला बरे वाटे.

तिसऱ्या दिवशी रात्री बाईंना नमस्कार करायला वाकलो. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "ती कुपी उघडलीस का रे?"

मी होकार दिला.

"तुझ्या आजोबांना एका आडत्याने दिवाळीला दिली होती. भाऊंनी जन्मभर उघडली नाही."

"मग ठेवली कशाला?"

"मीही विचारलं होतं एकदा. म्हणाले, विकली तर कर्मादान लागेल, कुणाला दिली तर अनुमोदना होईल, आणि फेकवत नाही, वडिलांची वस्तू आहे."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. कस्तुरी कोठून येते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही; विचार करायचे मी टाळले होते. हिमालयातील कस्तुरीमृगाच्या नराला बेंबीजवळ एक ग्रंथी असते. एका नरापासून सुमारे 25 ग्रॅम कस्तुरी मिळते, म्हणजे किलोभर कस्तुरीसाठी चाळीसेक नर. शिकारी फास लावतात. फासाला नर, मादी आणि पाडस यांतील फरक कळत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या मृगाला संरक्षण दिले. आपल्या श्रावकाचारात मात्र पंधरा कर्मादानांमध्ये दंतवाणिज्याचा निषेध फार पूर्वीपासून आहे, आणि हस्तिदंताबरोबर प्राण्यांच्या अवयवांचा सारा व्यापारच त्यात येतो. हे सारे जाणणाऱ्या घरातील मी, पाणी गाळून पिणारा, तीन दिवस ते मिरवीत हिंडलो होतो.

पुढच्या आठवड्यात माल घ्यायला मुंबईला मुळजी जेठा मार्केटमध्ये गेलो, तेव्हा वेळ काढून मोहम्मद अली रोडवरील एका वृद्ध अत्तरवाल्यांकडे गेलो. कुपी नेली नव्हती. तीन दिवसांतील शर्टाचा रुमालाएवढा तुकडा नेला होता. त्यांनी तो बराच वेळ हुंगला आणि म्हणाले, की पूर्वी कस्तुरी भेंडीच्या बियांपासूनही असे अत्तर बनत असे, कारखान्यात बनविलेली कस्तुरीही असते. त्यामुळे ही खरीच असेल, असे शपथेवर सांगता येणार नाही. मला हायसे वाटले. ते बहुधा माझ्या चेहऱ्यावर दिसले असावे, कारण ते हसून म्हणाले, "शेठ, आपने तो असली समझ के ही लगाया था ना?"

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे, असे आपण प्रतिक्रमणात रोज म्हणतो. मृग मी मारला नव्हता, मारविलाही नव्हता. पण 'कुठलं अत्तर?' असे कोणी विचारल्यावर मला जे सुख झाले, त्याला अनुमोदना नाही तर काय म्हणावे? कुपीतील वस्तू खरी होती की खोटी, हे ठरणार नव्हते. माझा भाव मात्र खरा होता.

त्या वृद्ध गृहस्थांनी मला आणखीही पुष्कळ सांगितले. ते आपल्या वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे लिहितो. काही ठिकाणी शमामा आणि हिना यांच्या मिश्रणात 'नख' वापरतात. ते समुद्रातील शिंपले भाजून काढलेले असते. 'अंबर' हे देवमाशाच्या आतड्यात तयार होते. कोकण किनाऱ्यावर 'व्हेलची उलटी' विकताना माणसे पकडली गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, तीच ही वस्तू. ताज्या अत्तरातील पाण्याचा अंश उडून जावा म्हणून ते पूर्वापार उंटाच्या कातड्याच्या कुप्यांत ठेवीत आले आहेत. 'शुद्ध', 'नैसर्गिक', 'पारंपरिक' हे शब्द चिठ्ठीवर असले, म्हणजे ती वस्तू आपल्याला चालण्याजोगी आहे असे होत नाही. घेताना तीन गोष्टी विचाराव्यात: आत काय आहे, कोणत्या तेलात धरले आहे आणि कशात साठविले होते. चांगला अत्तरवाला या प्रश्नांनी रागावत नाही. उलट, आपण कापड घेताना ताणा-बाणा विचारतो, तसा हा गिऱ्हाइकाचा हक्कच आहे, असे ते म्हणाले.

पूर्ण निर्दोष अत्तर असते, असे मी म्हणणार नाही. गुलाबाची फुले खुडली जातात, खसाची मुळे उपटली जातात, डेगेखाली अग्नी असतोच. भाऊंना हे कळत होते. म्हणून तर 'कुसुम एक'. जे पूर्ण सुटत नाही, त्याला माप लावायचे, आणि ज्याला माप लावणेही शोभत नाही, ते बंद ठेवायचे, असा त्यांचा साधा हिशेब असावा.

नगरला परतल्यावर मी महासतीजींच्या दर्शनाला गेलो आणि घडले ते सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आयंबिलाचे प्रायश्चित्त दिले आणि एकच विचारले, "वस्तू अजून घरात आहे का?" घरी येऊन बाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "भाऊंना वडिलांची वस्तू म्हणून टाकवली नाही. तू आता भाऊंची म्हणून ठेवशील, तुझा मुलगा तुझी म्हणून. परठवून टाक."

दुसऱ्या दिवशी परसातील कोरडी जागा निरखून पाहिली. मुंगी नाही, अंकुर नाही. मडक्यात चुलीची राख घेऊन त्यात ती कुपी रिकामी केली आणि राख तेथे विसर्जित केली. क्षणभर तो वास सगळ्या परसात पसरला. खोटे कशाला बोलू, त्या क्षणीही तो मला आवडला. बाई ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी पदर नाकाला लावला नाही. मीही श्वास रोखला नाही. वारा आला आणि तो वास गेला.

आता पेटीत 10 कुप्या आहेत. अकराव्या कप्प्यात मी भाऊंच्या हातची 'कस्तुरी' ही चिठ्ठी तशीच ठेवली आहे. मुलाने विचारले, तर सांगता यावे म्हणून. रोज सकाळी मीही नियम घेतो. पर्युषणाच्या आठ दिवसांत 'कुसुम' शून्य, एरवी एक. उन्हाळ्यात बहुतेक दिवस मिट्टीच असते.

लिहिताना जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास, किंवा कोणाचे मन दुखावले असल्यास, मिच्छामि दुक्कडम्.