बरणीतलं पिल्लू

येडशीत राहायचं म्हणजे साप दिसणारच. गावाजवळच रामलिंग घाटाचं अभयारण्य आहे. पावसाळ्यात एखादा साप अंगणात येतो, आम्ही वाट मोकळी करतो, तो निघून जातो. मागच्या पावसाळ्यात मात्र एक साप घरातच मुक्कामाला होता आणि आम्हालाच पत्ता नव्हता.

आमच्या सातवीतल्या मुलाने सापाचं पिल्लू बरणीत घालून, झाकणाला भोकं पाडून माळ्यावर लपवलं होतं. आठ-दहा दिवसांनी तोच रडत आला. "अम्मी, ते काही खात नाही. डोळे पांढरे झालेत. आंधळं झालं का?"

बरणी खाली घेतली. कातडी निस्तेज, डोळ्यांवर निळसर दुधी पडदा. बरणी जरा हलली की पिल्लू काचेवर झेप घ्यायचं. दादी म्हणाल्या, "यात काहीतरी बाहेरचं आहे." शेजारच्या भाभींनी दूध पाजायला सांगितलं. कुणी म्हणालं, मारून टाका. दिवसभर शाळेत मुलांना शहाणपण शिकवणारे आम्ही नुसते बघत उभे राहिलो.

शेवटी वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन केला. आलेल्या कर्मचाऱ्याने पाहताच सांगितलं, "धामणीचं पिल्लू आहे. आंधळं नाही, कात टाकणार आहे." सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, तोही कातीबरोबर निघतो. जुन्या आणि नव्या कातडीमध्ये द्रव साठला की डोळे दुधी दिसतात. काही दिवसांनी ते स्वच्छ होतात आणि मग कात निघते. या काळात नीट दिसत नाही म्हणून साप लपतो, खात नाही, चिडतो. अशा वेळी त्याला हाताळू नये, बळजबरीने भरवू नये, कात ओढून काढू नये. दूध तर कधीच देऊ नये, ते सापाचं अन्नच नाही.

मग त्याने पिल्लाच्या नाकाकडे बोट दाखवलं. तिथले खवले सोलून लाल झाले होते. "दुखणं हे आहे. बाहेर पडण्यासाठी ते सारखं झाकणाला नाक घासतंय." त्यावर घरात औषध नव्हतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्याकडचे साप पाळताच येत नाहीत. जाता जाता तो म्हणाला, "धामण निघाली म्हणून बरं. बिनविषारी कवड्या समजून मण्यार उचलणारी मोठी माणसंही असतात." आमच्या अंगावर काटा आला. दहा दिवस मुलगा त्याच बरणीत हात घालत होता.

रात्री इशाच्या नमाजनंतर आम्ही मुलांना जवळ बसवलं. बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही संग्रहांत असलेली मांजरीची हदीस सांगितली. एका स्त्रीने मांजर डांबून ठेवली, तिला खायला दिलं नाही आणि जमिनीवरचे जीव शोधून खायला मोकळंही सोडलं नाही. त्यासाठी ती शिक्षेस पात्र ठरली.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अब्बू, मी तर त्याला बेडूक आणून देत होतो. मला ते आवडायचं."

त्याला रागवायचं आम्ही ठरवून ठेवलं होतं, पण शब्द फुटला नाही. त्याचं प्रेम खरं होतं, फक्त त्या प्रेमाला झाकण होतं. आणि दहा दिवस आपलं मूल माळ्यावर कशासाठी चढतं, हे आम्ही एकदाही विचारलं नव्हतं. त्या रात्री आम्ही आधी आमच्या या गफलतीची माफी मागितली.