जिभेची दोन कामे

देवाने मनुष्यास डोळे दोन दिले, कान दोन दिले, हात दोन दिले; जीभ मात्र एकच दिली, आणि तिच्याकडे कामे दोन सोपविली. एक चव घेण्याचे व दुसरे बोलण्याचे. पहिले काम पुरे होण्यापूर्वीच दुसऱ्यास आरंभ केला म्हणजे काय होते, याचा अनुभव आम्हांस गेल्या डिसेंबरात आला. तो विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळींस सांगण्याजोगा वाटल्यावरून येथे लिहीत आहोत. त्यात आमची शोभा काही नाही. परंतु शिक्षकाची चूक जर विद्यार्थ्यांदेखत झाली, तर तिची कबुलीही त्यांच्यादेखतच व्हावी हे न्यायाचे होय.

नाताळची सुटी लागण्यापूर्वी आपल्या विद्यालयात आनंदमेळा भरतो, हे सर्वांस ठाऊक आहेच. या खेपेस नववीच्या वर्गाने भजी, भेळ वगैरे नेहमीचे पदार्थ सोडून केवळ 'फज' विकावयाचा असे ठरविले. फज म्हणजे साखर, दूध व लोणी एकत्र आटवून, निववून व घोटून केलेली मऊ वडी. तीस आपल्या बर्फीची दूरची बहीण म्हटले तरी चालेल. लोणावळ्यास चिक्कीच्या दुकानांतून अक्रोड घातलेला चॉकलेटचा फज मिळतो, तो पुष्कळांनी खाल्ला असेल.

या पदार्थाचा जन्म अमेरिकेतला, आणि त्यास नावारूपास आणण्यात विद्यार्थिनींचा हात मोठा आहे. न्यूयॉर्क राज्यातील व्हॅसर कॉलेजात एमेलिन हार्टरिज नावाची विद्यार्थिनी होती. तिच्या पत्रावरून कळते की १८८६ साली बाल्टिमोर शहरी फज पौंडास ४० सेंट या भावाने विकला जात होता. तिने त्याची कृती मिळविली, आणि १८८८ साली कॉलेजातील लिलावासाठी तब्बल ३० पौंड फज स्वतः केला. ही हकीकत आम्ही वर्गात सांगितली तेव्हा मुलींच्या मुद्रा मोठ्या अभिमानाने फुलल्या.

तिकडे या पदार्थात नव्या नव्या चवी आणण्याची हौस फार. मिशिगन राज्यात मॅकिनॅक नावाचे एक बेट आहे. तेथील दुकानांतून संगमरवरी मेजांवर ऊन ऊन फज ओतून गिऱ्हाइकांच्या समक्ष घोटतात, आणि तो खरेदी करणाऱ्या प्रवाशांस गमतीने 'फजी' असे नावच पडले आहे. शरद ऋतूत लाल भोपळा व दालचिनी, नाताळात पेपरमिंट, अशा ऋतूपरत्वे चवी अमेरिकेतील दुकानांत पालटतात. आपल्याकडे तरी निराळे काय आहे? नागपूरची संत्रा बर्फी पाहा, किंवा बंगाल्यात थंडीच्या दिवसांत नव्या खजुरी गुळाचा संदेश होतो तो पाहा. ऋतूने दिलेला जिन्नस मिठाईत मिसळावा, ही बुद्धी सर्व देशांतील माणसांस सारखीच सुचली आहे.

म्हणून आम्हीच मुलांस सुचविले की, प्रत्येक गटाने आपल्या प्रांतास अथवा ऋतूस साजेशी एक नवी चव शोधावी. परीक्षक आम्ही. मेळ्याच्या दिवशी मेजावर सात थाळ्या मांडल्या गेल्या. पहिलीत ओला नारळ व वेलची, दुसरीत संत्र्याच्या सालीचा कीस, तिसरीत कॉफी. या तिन्ही उत्तम साधल्या होत्या. चौथीत स्ट्रॉबेरी होती. फळाच्या आंबटपणामुळे दूध फाटून तिचा कलाकंद झाला होता, तरी चव वाईट नव्हती. पाचवी पेपरमिंटची, ती खाताना दंतमंजनाची आठवण अनिवार झाली. सहावी एका चिमुकल्या मुलाच्या गटाची, चॉकलेटात लाल मिरचीची पूड घातलेली. प्रथम गोड, मग कडवट, आणि घास गिळल्यावर घशाशी हळूच पेटणारी. आम्ही खोकलो, पाणी प्यालो आणि मोकळ्या मनाने दाद दिली. मुले खूष झाली, व आम्हीही अंमळ चढून गेलो.

सातवी थाळी गूळ-शेंगदाण्याची. ती एका अबोल मुलीने आणली होती. गटातील इतर मुलींनी ऐन वेळी अंग काढून घेतल्यामुळे ती एकटीच थाळीमागे उभी होती. वडी बसली नव्हती. चमचा घातला तो तपकिरी तार निघाली, आणि शेंगदाण्याचे दाणे तीत रुतलेले दिसले. आम्ही चमचा उंच धरून सर्वांस दाखविला व म्हणालो, "हा फज नव्हे, ही तर श्रावणातली पांदी!"

मुले खो खो हसली. आमच्या विनोदास इतके हसू क्वचितच लाभते, त्यामुळे आम्हीही हसलो. मुलीने काही न बोलता थाळीवर रुमाल टाकला. नारळाच्या वडीस पहिले बक्षीस देऊन आम्ही निघालो, तोच तो मिरचीवाला मुलगा जवळ आला आणि अगदी सरळ भावाने म्हणाला, "सर, तुम्ही सातवी थाळी चाखलीच नाही."

खरोखरच चाखली नव्हती. चमचा तसाच थाळीत परत ठेवला होता. आम्ही परत वळून पाहिले तो मुलगी थाळी घेऊन निघून गेली होती. याकोबाने आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेस ठिणगीची उपमा दिली आहे. तो अध्याय आम्ही सकाळच्या प्रार्थनेत मुलांपुढे कितीदा तरी वाचला असेल, आणि दर वेळी तो आमच्यासाठी नसून मुलांसाठी आहे अशा समजुतीनेच वाचला असावा.

सुटी संपून शाळा उघडली. ती मुलगी वर्गात येई, लिहीत असे, पण तिचा हात वर होईना. पूर्वी बोलत नसली तरी उत्तरास हात मात्र करीत असे. आम्ही दोनदा मुद्दाम प्रश्न विचारला. तिने उभे राहून खाली पाहिले. क्षमा मागावी असे मनात आले, पण शिक्षकाचा मान आडवा आला. मग मनुष्य जी पळवाट काढतो तीच आम्ही काढली. ठरविले की गुळाचा फज होऊच शकत नाही हे आधी स्वतः करून पाहावे, म्हणजे आमचे बोलणे कठोर असले तरी खोटे नव्हते, असे मनास समजाविता येईल.

एका रविवारी उपासनेहून आल्यावर आम्ही स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मिठाईसाठी मिळणारा थर्मामीटर बाजारातून आणला होता. फजाचे शास्त्र थोडक्यात असे आहे. पाक ११२ ते ११६ अंश सेल्सिअसपर्यंत चढवावा, मग न ढवळता सुमारे ४५ अंशांपर्यंत निवू द्यावा, आणि त्यानंतर घोटावा. असे केल्याने साखरेचे कण इतके बारीक होतात की जिभेस ते कण म्हणून कळतच नाहीत. वडी लोण्यासारखी लागते. ऊन असतानाच घोटला तर कण मोठे होऊन वडी रवाळ होते. तेव्हा या पदार्थात कसब आहे ते थांबण्याचे.

आमचा पहिला घाणा दूध फाटून गेला. आमची पत्नी दारातून म्हणाली, "खिरीत गूळ खीर उतरविल्यावर घालतात, हे पोरीबाळींसही ठाऊक असते." दुसरा घाणा फाटला नाही, पण तासभर घोटूनही बसला नाही. तिसरा करपला. रात्री पुस्तके उघडली, तेव्हा कारण कळले. पांढऱ्या साखरेत जवळजवळ सर्वच सुक्रोज असते. गुळात त्याच्या जोडीस ग्लुकोज व फ्रुक्टोज या शर्कराही असतात, आणि त्या सुक्रोजचे कण जमू देत नाहीत. आणखीही एक गोष्ट वाचनात आली, आणि तिने आमची पळवाट बंद केली. अमेरिकेतच, न्यू इंग्लंडकडे, 'पनूची' नावाचा फजाचा एक प्रकार तपकिरी साखर, दूध व लोणी यांचा करतात. त्याचे नावही मेक्सिकोतील कच्च्या साखरेच्या नावावरून आले आहे. म्हणजे ती मुलगी जे करू पाहत होती ते फजच होते. ते अवघड होते, आणि तिने ते एकटीने करून पाहिले होते, एवढेच.

मुलीचे आजोबा गुळव्या आहेत, व हंगामात ते कुटुंब गुऱ्हाळावरच असते, असे वर्गातील मुलांकडून कळले. शनिवारी दुपारी आम्ही सायकलीने तेथे गेलो. चुलवाणात चिपाडे धडधडत होती, काहिलीत रस उसळत होता, आणि म्हातारा वरची मळी काढीत होता. मुलगी आम्हांस पाहून खोपीआड झाली. आम्ही आजोबांस नमस्कार केला व झालेली गोष्ट, आमच्या विनोदासकट, सांगितली. म्हातारा हसलाही नाही, रागावलाही नाही. "बसा मास्तर," एवढेच म्हणाला, व पुन्हा काहिलीकडे वळला.

थोड्या वेळाने त्याने पळीभर पाक थंड पाण्यात सोडला, बोटांनी वळला व आमच्या तळहातावर ठेवला. मऊ गोळी झाली होती. आम्ही थर्मामीटर लावून जी खूण शोधीत होतो, तीच ही, चिमटीत ओळखलेली. ही परीक्षा अमेरिकेतील फज करणारेही अशीच थंड पाण्यात करतात. मात्र म्हातारा तेथे थांबला नाही. "आजून येळ हाय," म्हणाला. गोळी टणक झाल्यावरच त्याने काहील उतरविली.

आम्ही विचारले, "आजोबा, गुळाची वडी साखरेसारखी का बसत नाही?"

"मास्तर, साखर एकटी असती, म्हनून लवकर बसती," तो म्हणाला. "गुळात समदं गोत असतंय. त्येला दमानं घ्यावं लागतंय."

जे समजावयास आम्हांस रात्रभर पुस्तके चाळावी लागली, ते त्याने तीन वाक्यांत सांगितले. रसाचा आंबटपणा मोडावा म्हणून आपण चुन्याची निवळी घालतो, हेही त्याने सांगितले. तेव्हा खोपीआडून आवाज आला, "मग दुधात गुळाआधी चिमूटभर सोडा घातला तर? आणि निम्मी साखर?" इतक्या दिवसांत आमच्या कानी पडलेले तिचे ते पहिले वाक्य.

आम्ही तेथेच तिची क्षमा मागितली. परंतु अपमान चारचौघांत झाला होता, म्हणून सोमवारी वर्गातही मागितली. मुलांपुढे उभे राहून "आम्ही चाखल्यावाचून बोललो, ते चुकलो" हे शब्द उच्चारावयास, वीस वर्षे शिकविण्याची सवय असूनही, घसा कोरडा पडला. वर्ग अगदी निःशब्द होता. मुलगी बाकाकडे पाहत राहिली. त्या दिवशीही तिने हात वर केला नाही, हे खरे ते सांगितले पाहिजे.

पंधरा दिवसांनी तिने एक लहानसा डबा आमच्या मेजावर ठेवला. आत सहा वड्या होत्या. निम्मी साखर, निम्मा गूळ, भाजलेल्या दाण्यांचे जाडसर कूट आणि किंचित सुंठ. सारा वर्ग आमच्या तोंडाकडे पाहत होता. आम्ही एक वडी घेतली आणि ती पुरती विरघळेपर्यंत काही बोललो नाही. प्रथम दाण्यांचा खमंगपणा आला, मग दुधाचा गोडवा. आणि सर्वांच्या शेवटी गुऱ्हाळावरच्या धुराची आठवण देणारी ती गुळाची खोल चव, जी साखरेस कधी यावयाची नाही. सुंठेची ऊब मागे रेंगाळली.

"फार चांगली झाली आहे," आम्ही म्हणालो. "थोडी रवाळ आहे."

"ऊन असतानाच घोटली, सर," ती म्हणाली. "धीर निघाला नाही."

"आमचाही निघाला नव्हता," आम्ही म्हणालो. आणि तेव्हा ती हसली.

प्रिय विद्यार्थ्यांनो, नव्या चवीस भिऊ नका. ती फसली तरी हरकत नाही. फसलेली थाळी पुन्हा करता येते, हे वरील हकीकतीवरून दिसलेच. पण दुसऱ्याने आणलेली थाळी पुढे येईल तेव्हा आधी चाखा, गिळा, आणि मग बोला. डब्यातील उरलेल्या पाच वड्या वर्गाने वाटून घेतल्या. मिरचीवाल्या मुलाने आपल्या वाट्याचा तुकडा तोंडात टाकून डोळे मिटले, व बराच वेळ तो काहीच बोलला नाही.