आईचा कॉलम

मार्च २०२४ मध्ये सरकारने ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नावं अशी लिहायची: स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. निर्णय मला मनापासून आवडला. पण माझ्यासारख्या माणसाच्या डोक्यात लगेच दुसरा विचार येतो: आता किती टेबलं बदलणार?

मुरबाडच्या एका खासगी दवाखान्यातून काही महिन्यांनी फोन आला. मी शहापूरचा, ‘कॉम्प्युटरवाला’, म्हणून. त्यांच्या सॉफ्टवेअरवाल्याने मधल्या नावाच्या कॉलमचं नाव बदललं होतं आणि आईचा कॉलम नवा टाकला होता. डेटाबेसमध्ये साठवलेल्या प्रोसीजर मात्र जुन्याच. एसक्यूएल सर्व्हर कॉलमचं नाव बदलतो, पण प्रोसीजरच्या मजकुरात ते बदलत नाही. ती चालवली की मगच कळतं. एक प्रोसीजर ‘इनव्हॅलिड कॉलम नेम’ म्हणत सरळ बंद पडली. तिचं काही नाही, दहा मिनिटांचं काम.

भीती दुसरीची होती, कारण ती चालत होती. जन्मनोंदी अहवालाच्या टेबलात टाकताना तिच्यात कॉलमची नावंच लिहिली नव्हती. ‘सिलेक्ट स्टार’, जे असेल ते उचल आणि ओत. मूळ टेबलात आईचा कॉलम शेवटी आला होता, अहवालात बाळाच्या नावानंतर. संख्या जुळली, सगळा मजकूरच, म्हणून सर्व्हर गप्प. आईच्या जागी वडील, वडिलांच्या जागी आडनाव आणि आडनावाच्या जागी आई!

यातले काही कागद कातकरी वाड्यांवरच्या बाळांचे होते. दिवाळीनंतर ही कुटुंबं उचल घेऊन भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. चुकलेल्या नावासाठी परत येणं म्हणजे मजुरी बुडवून एसटी, पुढे जीप, आणि नोंदणीचा अधिकारी भेटला तर भेटला.

प्रोसीजरमध्ये प्रत्येक कॉलम नावानिशी लिहिला. हे टेबल कोणकोणती प्रोसीजर वापरते, तेही सर्व्हरच्या अवलंबित्वाच्या यादीतून काढलं. बदलाआधी ती यादी बघायला पाच मिनिटं लागतात. मग सिस्टर आणि मी केसपेपर समोर ठेवून एकेक नोंद ताडली.

“दोन बायका भट्टीवर गेल्यात,” सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी आशाताईंना फोन लावला.