उलथ्या

उलथ्याची उंची चार बोटं, लांबी वीतभर आणि वजन १४६० ग्रॅम. अंगाने काळा, पाठीवर कुबड, पुढे जमिनीला टेकलेला पोलादी ओठ आणि त्या ओठावर निजलेली एक भुजा. नाव माझ्या भाचीने ठेवलं. तिने आणि तिच्या वर्गातल्या पोरींनी तो कागदावर जन्माला घातला, आणि अंग धरलं ते वसमतला, आमच्या दुकानात.

लढाऊ रोबोंच्या खेळात बहुतेकांना फिरत्या पात्याचं वेड असतं. पातं मिनिटाला हजारो फेरे घेतं, लागलं की ठिणग्या उडतात, समोरच्याचं चाक उडून काचेवर आदळतं. उलथ्याच्या अंगात तो आवेश नाही. तो कुणाला तोडत नाही. समोरच्याच्या पोटाखाली शिरायचं, भुजा सोडायची आणि त्याची चाकं जमिनीपासून सुटी करायची, एवढंच त्याला येतं. चाकं हवेत गेली की केवढाही बलवान गडी जागच्या जागी घरघरत राहतो. बहुतेक स्पर्धांत न हलणाऱ्यासाठी दहा अंक मोजतात, आणि तेवढ्यात कुस्ती निकाली निघते. मला त्याचा हा स्वभाव मनापासून आवडतो.

त्याचं घराणं तसं नामवंत आहे. १९९४ साली सॅन फ्रान्सिस्कोत मार्क थॉर्प यांनी 'रोबोट वॉर्स' भरवलं, १९९८ पासून ब्रिटनच्या बीबीसीने ते घराघरांत नेलं. तिथे जॉर्ज फ्रान्सिस यांचा 'केऑस २' दाबलेल्या वायूच्या जोरावर प्रतिस्पर्ध्यांना उलटवायचा आणि त्याने लागोपाठ दोनदा अजिंक्यपद घेतलं. अमेरिकेत कार्लो बर्टोचीनी यांचा 'बायोहॅझर्ड' इतका बुटका की उंची जेमतेम दहा सेंटीमीटर, आणि विजेच्या मोटरवर उचलणारी भुजा. आपल्याकडे पवईच्या आयआयटीत १९९८ साली सुरू झालेल्या 'टेकफेस्ट'मधल्या रोबोवॉरने हे वेड महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना लावलं. तिथली मोठी यंत्रं ६० किलोपर्यंतची, दोघा-तिघांनी उचलून न्यावी लागणारी. उलथ्या दीड किलोच्या गटातला. दप्तरात मावतो.

आमचं दुकान हळदीच्या कुकरचं. हळद शिजवायचे ड्रम, पॉलिशचे ड्रम, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची डागडुजी. काढणी सुरू झाली की मग लेथला श्वास घ्यायला फुरसत नसते, सेनगावपासून वसमतपर्यंतचा माणूस दारात उभा असतो. त्यामुळे उलथ्या वाढला तो उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात. त्याचा पुढचा ओठ जुन्या हातकरवतीच्या पात्याचा आहे. ते स्प्रिंगचं पोलाद, वाकलं तरी सरळ होतं. भोक पाडताना मात्र साधा ड्रिल त्यावर नुसता घसरतो, म्हणून भोकांच्या जागा आधी लाल तापवून हळूहळू गार केल्या. बाकीचं अंग थ्रीडी प्रिंटरवर नांदेडहून छापून येतं.

आता भुजेबद्दल. पहिली भुजा सर्व्हो मोटरवर होती. कागदावर ती भक्कम दिसायची: २५ किलोग्रॅम-सेंटीमीटरची ताकद, भुजा बारा सेंटीमीटर, म्हणजे टोकाशी दोन किलोंचा जोर. दीड किलोच्या गड्याची एक कड उचलायला सुरुवातीला त्याच्या निम्म्या वजनाएवढा जोर पुरतो. म्हणजे पाऊण किलो. मग अडलं कुठे? वेगात. भुजा समोरच्याला हळूच वर करायची, आणि तो तेवढ्या वेळात मागे सरकून निसटून जायचा. दीड किलो वजन तीस सेंटीमीटर वर फेकायला साधारण साडेचार ज्यूल ऊर्जा लागते. ती सेकंदाच्या दहाव्या भागात द्यायची तर पंचेचाळीस वॉटची शक्ती हवी. ती सर्व्हो जास्तीत जास्त चार वॉट देते. दहा पटींचं अंतर हुशारीने भरून निघत नाही.

उपाय जुना आहे. शक्ती नसली तर साठवण करायची. भुजेखाली आता स्प्रिंग आहे, आणि ती दाबायला गोगलगाईच्या शंखासारखी वळत जाणारी एक चकती. मोटर दोन सेकंद त्या चकतीला फिरवते, स्प्रिंग थोडी थोडी दबत जाते, आणि शेवटच्या पायरीवरून पडताच सगळं साठलेलं एका झटक्यात सुटतं. घर्षणात जाणारं धरूनही ही छोटी मोटर पुरी पडते. वायूच्या भुजेला असं थांबावं लागत नाही, पण तिच्या नळकांड्या भरायच्या कुठे, हा प्रश्न वसमतला मोठा. स्प्रिंग भरायला कुणाकडे जावं लागत नाही.

या भुजेनंतर उलथ्याला एक आजार जडला, आणि तो समजून घेण्यात आमचे बरेच दिवस गेले. भुजा भरत आली, चकती शेवटच्या चढावर पोहोचली, की त्याची चाकं मरायची. सेकंदभर, कधी दोन. नेमकं तेव्हा, जेव्हा समोरचा ओठावर चढलेला असायचा. मग आपोआप जागा व्हायचा, जणू काही झालंच नाही.

सगळ्यांचा संशय आधी चाकांवर गेला. भाचीने डावी मोटर उजवीकडे लावली, उजवी डावीकडे. आजार तोच, दोन्ही चाकांना एकदमच. म्हणजे मोटर निर्दोष. मग रेडिओवर संशय. अँटेनाची तार पोलादाला चिकटून जात होती, ती उचलून कुबडात बसवली. फायदा झाला, पल्ला वाढला, पण आजार गेला नाही. व्होल्टमीटर लावला तर तो ७.४ च्या आसपास शांत उभा. दोन सेकंदांच्या चढणीतली क्षणभराची घसरण तो दाखवतच नाही, त्याचा आकडा सावकाश बदलतो.

एका संध्याकाळी वीज गेली आणि दुकानात अंधार झाला. भाची तशीच चाचणी करत बसली होती. तेव्हा दिसलं की चकती चढताना रिसिव्हरचा बारीक लाल दिवा विझतो आणि पुन्हा लुकलुकून पेटतो.

"मामा, रेडिओचं काही नाही बघा. ह्याच्या डोक्याला करंटच मिळंना झालाय."

तिने रिसिव्हरला बाहेरून वेगळे चार सेल जोडले. उलथ्या लगेच ठीक. म्हणजे दुखणं चाकांत दिसत होतं, मूळ होतं पुरवठ्यात. पुरवठ्याची एकेक तार बोटाने चाचपत गेलो तर बॅटरीच्या जोडाशी हात पोळला. त्या सोल्डरचा रंग राखाडी, पृष्ठ खडबडीत. धातू नीट वितळून धरलाच नव्हता. हिशेब सोपा: जोडात ०.१ ओहमचा अडथळा, मोटर अडली की १५ अँपिअरचा प्रवाह, म्हणजे दीड व्होल्ट त्या एका ठिपक्यातच खर्ची. बॅटरी स्वतः थोडी दबायची ती वेगळीच. रिसिव्हरला उरायचं ते त्याच्या कामाचं नव्हतं, तो बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा, आणि तोवर चाकांना हुकूम देणारं कुणी नसायचं.

जोड नव्याने केला, जाड सिलिकॉनची तार घातली, रिसिव्हरला स्वतंत्र रेग्युलेटर दिला आणि शेजारी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवला, क्षणाची तहान भागवायला. मला हे सांगावंसं वाटतं, कारण दुकानात येणारा प्रत्येक पोरगा दुखणाऱ्या जागेचा पार्ट बदलून मागतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहून ठेवायचं, ही भाचीची शिस्त मी आमच्या पॉलिश ड्रमच्या मोटरींनाही लावली आहे.

बाकीच्या खोडी थोडक्यात. ओठ आणि जमीन यांत अर्धा मिलिमीटर फट राहिली तरी दुसऱ्याचा ओठ उलथ्याच्या खाली जातो, म्हणून ओठ आता सैल बिजागरीवर आहे, स्वतःच्या वजनाने टेकतो. उचललेल्याचं सगळं ओझं उलथ्याच्या पुढच्या टोकावर पडतं आणि मागची चाकं उचलली जातात. बॅटरी मागे सरकवून आणि चाकं पुढे आणून ते कमी केलं. कुबड शोभेसाठी नाही. उलथ्या स्वतः पालथा पडला तर तीच भुजा जमिनीला रेटून त्याला उभं करते, पण सपाट पाठीवर तो उघड्या भुजेच्या टेकूने चाकं वर करून अडकून राहायचा. कुबडामुळे अंग कलतं आणि तो कडेवर घसरून उभा राहतो. दुसऱ्याला पाडणारा हातच आपल्याला उठवतो.

आपल्या उन्हाने त्याला एकदा मोडलं. मोटर धरणारी कडी पीएलए प्लास्टिकची होती. ते साठ अंशांच्या आसपास नरम पडतं, आणि एप्रिलच्या दुपारी उन्हात उभ्या मोटारसायकलच्या डिक्कीत तेवढं तापमान सहज होतं. बाहेर काढला तेव्हा कडी लोळागोळा झालेली. आता सगळ्या कड्या नायलॉनच्या.

आणि एक गोष्ट मी कुणाला विसरू देत नाही. दाबलेली स्प्रिंग झोपलेली दिसते, पण बोट मोडू शकते. टेबलावर असताना भुजेच्या खाचेत कुलपाची पिन असते, आणि रिमोट बंद झाला तर चकती जागीच थांबली पाहिजे, ही परीक्षा दर वेळी बॅटरी लावल्यावर, पिन काढण्याआधी ठरलेली. लिथियम बॅटरी मातीच्या कुंडीत वाळूवर चार्ज होते, शेजारी माणूस बसलेला असतो, आणि काम झालं की सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवली जाते.

मागच्या लढतीत उलथ्यासमोर उभ्या पात्याचा एक दणकट गडी होता. त्याने उलथ्याला दोनदा पालथा पाडला, दोन्ही वेळा हा उठला, तिसऱ्यांदा त्याच्या बगलेत शिरून त्यालाच कोपऱ्यात आडवा केला. दहा अंक मोजून झाले तोवर तो गडी तिथेच घरघरत होता. उलथ्या परत आला तेव्हा भुजेच्या बिजागरीची सहा मिलिमीटरची पिन वाकली होती. नुसती जाड केली तर वजन वाढतं. भाचीने हिशेब पाठवलाय: आठ मिलिमीटरची पिन, आत पाच मिलिमीटरचं आरपार भोक. वजन जवळपास तेवढंच, वाकण्याला विरोध दुप्पट. पोलादाची सळई लेथच्या चकमध्ये धरून झाली आहे, भोक आज काढतो.