मोरीखालची तुळई

लाकडी तुळई मधोमध क्वचितच सडते. सडतं ते टोक, भिंतीत शिरलेलं, कुणाला न दिसणारं. आमच्या गिरगावातल्या चाळीत ते नेमकं मोरीच्या भिंतीत होतं. वर आमची लादी दबत चालली होती आणि खालच्या काकूंच्या देव्हाऱ्यावर रोज तपकिरी चुरा पडत होता.

मिस्त्रींनी चार लाद्या उचलल्या. खाली चुन्याचा कोबा, त्याखाली फळ्या, फळ्यांखाली तुळया. ते हातोडीने ठोकत गेले. मधे खणखणीत आवाज आणि मोरीपाशी बदबद. तिथे पटाशी मुठीपर्यंत आत गेली. लाकूड चहात बुडवलेल्या खारीसारखं झालं होतं.

"साग पाण्याने मरत नाही, कोंडलेल्या पाण्याने मरतो," मिस्त्री म्हणाले. भिजून पुन्हा सुकणारं लाकूड पिढ्यान् पिढ्या टिकतं. सतत ओलं राहिलं की बुरशी धरते. पूर्वी भिंतीला चुन्याचा गिलावा होता, ओल बाहेर पडायची. मधे कधीतरी त्यावर सिमेंट थापलं गेलं, टाइल्स लागल्या. वरून सगळं चकाचक.

साग बर्माचा आहे, असंही ते म्हणाले. जुन्या मुंबईत प्रत्येक घराला आपला साग बर्माचाच वाटतो म्हणा. पण त्या रात्री मी फोनवर वाचत बसले. १८८५ मध्ये बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला सागाच्या ओंडक्यांवरून ब्रह्मी दरबाराने जबर दंड ठोठावला. तेच निमित्त करून इंग्रजांनी युद्ध पुकारलं. थिबा राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं, तो तिथेच १९१६ मध्ये वारला. माझे पणजोबा रत्नागिरीहूनच या चाळीत आले. राजा तिकडे, साग इकडे! आमच्या घराण्याचा जगाच्या इतिहासाशी एवढाच संबंध, तोही मोरीखालून.

पैसे कुणी घालायचे? १९४७ च्या भाडेकायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली, मग मालकांनी दुरुस्तीतून अंग काढलं. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा आला, इमारतींवर उपकर बसला. आज ते मंडळ म्हाडाकडे आहे. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात, आमची त्यातलीच. अर्ज केला. पण चुरा अर्जाच्या उत्तरासाठी थांबत नाही. शेवटी आई आणि काकूंनी खर्च निम्मा-निम्मा वाटून घेतला. चाळीत कुजबुज झालीच, "पुनर्विकास येतोय, आता कशाला पैसे घालता?" मी शाळेत होते तेव्हापासून तो येतोय.

काकूंच्या खोलीत टेकू उभे राहिले. जॅक लावून तुळई रोज सूत-दोन सूत उचलायची. एकदम उचललं तर भिंतींना तडे जातात. मग सडका दीड हात कापून काढला, उरलेल्या सागाला दोन्ही बाजूंनी रेड ऑक्साइड लावलेले लोखंडी चॅनल बोल्टने आवळले. चॅनलची टोकं भिंतीत काँक्रीटच्या ठोकळ्यावर टेकवली आणि हवा खेळावी म्हणून भोवती बोटभर फट ठेवली. अख्खी तुळई काढून गर्डर का नाही, असं बाबांनी विचारलं. "उरलेलं लाकूड तुमच्या-माझ्यापेक्षा धडधाकट आहे," मिस्त्री म्हणाले.

तेवढे दिवस आजी आंघोळीला काकूंच्या मोरीत जायची. छियाऐंशी वर्षांची बाई, जिना उतरताना माझा हात धरायची आणि खाली गेल्यावर सोडायची, काकूंचा धरायला. भोकातून त्या दोघींच्या गप्पा वर ऐकू यायच्या. मालिकेतल्या सुनेबद्दल काय काय बोलल्या, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नव्या मोरीत चोवीस तास पाणी तुंबवून ठेवलं. काकू खालून टॉर्च मारत होत्या. छत कोरडं राहिलं.

त्याच भिंतीला लागून आमच्या मजल्यावर आणखी सात मोऱ्या आहेत. हत्यारं आवरताना मिस्त्रींनी सांगितलं, ठोकून बघायचे पैसे घेणार नाही. तिघांनी दार उघडलं.