दादर ते कोल्हापूर : गुरूंच्या हातची साधने

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी दाराआड एक काठी उभी असते. मुलाने किंवा सुनेने काळजीने आणलेली, खालचे रबरी बूच अजून कोरे. न्हाणीघरात आधाराची दांडी बसवलेली असते आणि तिच्यावर टॉवेल वाळत असतो. वाचकहो, वयस्कर मंडळी अशा वस्तूंना हात का लावत नाहीत, याचे कारण अज्ञान नव्हे. कारण आहे संकोच. "काठी घेतली की संपलंच, डॉक्टर," हे वाक्य मी दवाखान्यात इतक्यांदा ऐकले आहे की, त्यावर औषधाच्या चिठ्ठीने भागत नाही हे मला कळून चुकले आहे. त्याऐवजी मी आपल्याला एक प्रवास सुचवतो. दादरहून निघावे, पुणे व मिरज करीत कोल्हापूरला पोचावे. वाटेवर चार ठिकाणी थांबावे आणि धडधाकट शरीरे घडवणारे, गळे घडवणारे गुरू स्वतः कशाकशाचा आधार घेतात ते पाहावे.

आरंभ दादरच्या शिवाजी पार्कपासून करू. पहाटे साडेसहाला मैदानाभोवतीच्या कट्ट्यावर आपल्याच वयाची मंडळी भेटतील. बाहेरून एक फेरी सव्वा किलोमीटरच्या आसपास भरते. दमले तर बसायला कट्टा सतत शेजारी आहे, आणि म्हणूनच चालायला शिकण्यासाठी याहून चांगली जागा मुंबईत क्वचितच असेल. आतल्या मैदानात क्रिकेटची जाळी लागलेली दिसतात. याच मैदानावर रमाकांत आचरेकर सर मुलांना घडवीत. त्यांच्या एका साधनाची गोष्ट सर्वश्रुत आहे : यष्टीवर ठेवलेले एक रुपयाचे नाणे. सचिन तेंडुलकरला जो बाद करील त्याचे ते नाणे. कोणालाच जमले नाही तर ते सचिनचे. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवली आहेत. बॅट आणि चेंडू ही शिष्याची साधने झाली. गुरूचे साधन ते नाणे होते. थकलेल्या मुलाला आणखी अर्धा तास उभे ठेवण्याचे काम त्या रुपयाने केले. घरात वडिलांना "चाला, चाला" म्हणून दटावणाऱ्या मुलांनी हे ध्यानात घ्यावे. उपदेशापेक्षा भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज ओढलेली एक रेघ अधिक काम करते.

तेथून जवळच श्री समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब पाहायला मिळतो. मल्लखांबाचे पुनरुज्जीवन दुसऱ्या बाजीरावांचे गुरू बाळंभटदादा देवधर यांनी केले असे मानले जाते. या संस्थेतील उदय देशपांडे यांना मल्लखांबाच्या प्रशिक्षणासाठी २०२४ साली पद्मश्री मिळाली, आणि २०१९ मध्ये पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धाही शिवाजी पार्कवरच झाली. सागाचा किंवा शिसवीचा तो खांब. त्याचे अंग, मान आणि वरचे बोंड. त्याला एरंडेल चोळतात. पाहणाऱ्याला वाटते, आधीच चढणे अवघड, त्यात तेल कशाला? परंतु उघड्या अंगाने खांबाभोवती वळसे घ्यायचे तर कातडे सोलवटू नये म्हणून ते तेल हवेच. गुरूला कोठे पकड हवी आणि कोठे निसरडेपणा हवा, याचा हिशेब माहीत असतो.

आपण खांबावर चढावे असे मी अर्थातच सुचवीत नाही. आपण पाहायचे ते शिक्षकाच्या हाताकडे. लहान मूल उलटे लटकत असताना तो हात त्याच्यापासून वीतभर अंतरावर असतो, धरीत नाही आणि दूरही जात नाही. घरी शुश्रूषा करणाऱ्या वाचकांसाठी हा हात म्हणजे एक संपूर्ण पाठ आहे. आपण आजींना उठवताना दंडाला धरून ओढतो. पक्षाघात झालेल्या बाजूचा खांदा असे ओढल्याने निखळू शकतो, आणि एरवीही त्यामुळे तोल सावरण्याऐवजी बिघडतो. दुबळ्या बाजूला, किंचित मागे उभे राहावे. कमरेला रुंद सुती पट्टा बांधून एका हाताने तो सैल धरावा. गरज पडेपर्यंत हाताने काही करू नये. हे 'काही न करणे' शिकायला आठवडा लागतो.

दादरहून पुण्याला रेल्वेने साधारण तीन तास. दर तासाला जागेवरून उठून दोन पावले टाकावीत, निदान घोटे वरखाली हलवावेत.

पुण्यात मॉडेल कॉलनीत हरेकृष्ण मंदिर पथावर रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था आहे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, योग शिकवण्यासाठी पुण्यात आले ते पुण्याचेच झाले. पत्नी रमामणी यांच्या निधनानंतर त्यांच्या नावाने ही संस्था १९७५ मध्ये सुरू झाली. सहज दार ढकलून आत डोकावण्याची ही जागा नव्हे. आधी कार्यालयात विचारून जावे. परवानगी मिळाली तर पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती तेथील सामग्री. भिंतीतल्या कड्यांना अडकवलेले दोर, लाकडी विटा, पट्टे, लोड, नीट घड्या घातलेली ब्लँकेटे, पाठ काढून टाकलेल्या लोखंडी खुर्च्या, मागे रेलण्यासाठी लाकडी घोडे. योग म्हणजे एक सतरंजी आणि एक शांत कोपरा एवढीच कल्पना असलेल्याला आपण चुकून एखाद्या सुताराच्या कारखान्यात आलो की काय, असे वाटावे.

या सामग्रीमागचा विचार सरळ आहे. त्रिकोणासनात हात जमिनीला टेकत नसेल तर हातासाठी जमीन वर आणायची, म्हणजेच हाताखाली वीट ठेवायची. पुढे वाकताना गुडघ्यामागचे स्नायू ताणत नसतील तर पायात पट्टा अडकवून हाताची लांबी वाढवायची. छाती उघडायची पण पाठीत जोर नाही, तर लोडावर निजायचे. मग तेच आसन श्रमाऐवजी विश्रांती होते आणि मिनिट-दोन मिनिटांऐवजी पाच-दहा मिनिटे टिकते. शरीराला आसनाच्या मापात कोंबण्याऐवजी आसन शरीराच्या मापाचे करून घेण्याची ही युक्ती आहे. बेल्जियमच्या राणीमाता एलिझाबेथ यांनी वयाची ऐंशी ओलांडल्यावर अय्यंगारांकडून शीर्षासन शिकण्याचा हट्ट धरला आणि तो पुरा केला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. (माझ्या वाचकांनी कृपया हा हट्ट धरू नये. उच्च रक्तदाब, काचबिंदू, दृष्टिपटलाचे विकार असणाऱ्यांना डोके खाली करणारी आसने वर्ज्य. आणि हाडे ठिसूळ झालेल्यांनी कमरेतून जोराने पुढे वाकणेही टाळावे, कारण त्याने मणका दबून मोडू शकतो.)

मला मात्र त्याहून मोलाची वाटते ती दुसरी हकीकत. १९७९ साली अय्यंगारांना स्कूटरचे अपघात झाले. पाठ आणि खांदे दुखावले. ज्या आसनांनी त्यांना जगभर नाव मिळवून दिले होते ती त्यांना स्वतःलाच जमेनाशी झाली. त्या वेळी ते साठीचे होते. त्यांनी काय केले? शिष्यांसाठी बनवलेल्या विटा, खुर्च्या आणि दोर त्यांनी स्वतःच्या अंगाखाली घेतले आणि वर्षानुवर्षे चिकाटीने एकेक आसन परत मिळवले. पुढे पंचाण्णवाव्या वर्षी, २०१४ साली, ते गेले. उतारवयातही लोडावर, खुर्चीवर त्यांचा सराव चालूच होता. आधार घेतल्याने मान कमी होत असता तर तो त्यांचा झाला असता.

या संस्थेतून घरी नेण्यासारखी वस्तू म्हणजे खुर्ची. प्लास्टिकची नको, चाकांची तर नकोच. घरातली जड, चौपायी, बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकतील अशी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. तिच्यावर बसावे, पावले किंचित मागे घ्यावीत, नाक पायाच्या बोटांच्या रेषेपर्यंत पुढे आणावे आणि उठावे. पुन्हा सावकाश बसावे. प्रारंभी हातांचा आधार खुशाल घ्यावा. दिवसातून दोनदा, पाच-पाच वेळा. मांडीचे स्नायू हे म्हातारपणातले आपले खरे नोकर. ते रजेवर गेले की शौचालयातून उठणेही परस्वाधीन होते. सकाळी बिछान्यातून उठल्या उठल्या मात्र हा व्यायाम करू नये. आधी काठावर मिनिटभर बसावे. उभे राहताच रक्तदाब उतरून चक्कर येण्याची सवय अनेकांना असते, विशेषतः रक्तदाबाच्या वा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील तर.

पुण्याहून दक्षिणेला जाणारी गाडी सातारा, सांगली करीत मिरजेला पोचते. आम्हा डॉक्टरांना मिरज ठाऊक ते दवाखान्यांचे गाव म्हणून. गवयांना ते ठाऊक तंबोऱ्यांचे गाव म्हणून. सतारमेकर गल्लीत शिरले की दुकानांच्या दारात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले मोठमोठे वाळके भोपळे रचलेले दिसतात. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी येथे वाद्ये बनवण्यास आरंभ केला आणि ती विद्या पिढ्यानपिढ्या टिकली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

गायनगुरूचे साधन तंबोरा. त्यावर कोणी गाणे वाजवीत नाही. चार तारा एकामागून एक छेडल्या जातात आणि शिष्याच्या कानाला स्थिर षड्ज मिळत राहतो. सूर सुटला की परतायला जागा असते. घोडीवर तारेखाली रेशमी धागा सरकवून कारागीर जवारी जुळवतो. केसभर इकडेतिकडे झाले तरी नाद बोथट होतो. कारागिराजवळ पाच मिनिटे बसलात तर तो विचारील, गाणारे कोण, पुरुष की स्त्री, पट्टी कोणती? पुरुषांचा तंबोरा मोठा, स्त्रियांचा लहान. दुसऱ्याच्या गळ्याचा तंबोरा घेऊन कोणी गायला बसत नाही.

आणि आपण मात्र दिवंगत काकांची काठी आजोबांच्या हातात देतो! काठीलाही पट्टी असते. पायात नेहमीच्या चपला घालून सरळ उभे राहावे, हात सैल सोडावेत. मनगटाच्या घडीपर्यंत काठीची मूठ यावी. उंच काठी खांदा वर ढकलते, बुटकी काठी कमरेत वाकवते. काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. चित्रपटांत बहुधा चूक दाखवतात, आणि लोक चित्रपटांवरून शिकतात. रबरी बुचावरच्या खाचा झिजल्या की बूच बदलावे. किंमत नगण्य, पण ओल्या फरशीवर तेच जीव राखते. कंपवाताच्या रुग्णांसाठी मिरजेची आणखी एक शिकवण आहे. त्यांची पावले दारात किंवा वळणावर जमिनीला खिळल्यासारखी थांबतात. अशा वेळी ओढू नये. शेजारी उभे राहून लयीत टाळी द्यावी किंवा मात्रा मोजाव्यात. बाहेरून लय मिळाली की अनेकांचे पाऊल उचलते.

मिरजेहून कोल्हापूर तासाभराचे. इंग्लंडच्या प्रवासात रोम येथील आखाडे पाहून आलेल्या शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान दुपारी सावकाश पाहावे, पण तालीम पाहायची तर पहाटेच. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या नावाजलेल्या तालमी. कोणाची तरी ओळख काढून जावे. आत मुद्गल, गदा, चढायचा दोर अशी सामग्री भिंतीला लागून असते. परंतु वस्तादाचे खरे साधन पायाखाली आहे. हौदातली तांबडी माती. तिच्यात तेल, हळद, ताक, लिंबू, कापूर मिसळतात आणि पैलवान स्वतः फावड्याने रोज ती उकरतात. ती माती मऊ राखली जाते, कारण तेथे दररोज पडायचे असते. नव्या पोराला हनुवटी छातीशी ओढून, अंग गोल करून पडायला शिकवतात. पडला की दंड थोपटून पुन्हा उभे राहायला लावतात.

आमच्याकडे नेमके हेच शिकवायचे राहते. आपण वृद्धांना 'पडू नका' एवढेच सांगतो. पडलेला माणूस हाड मोडलेले नसतानाही केवळ उठता न आल्याने तासन्‌तास थंड फरशीवर राहतो, आणि त्याची धास्ती पुढे त्याला घराबाहेर पडू देत नाही. म्हणून तब्येत बरी असताना, शेजारी कोणी असताना, जमिनीवर गादी टाकून उठण्याचा सराव करावा. गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा बदललेला असेल तर आधी आपल्या शल्यविशारदाला वा भौतिकोपचारतज्ज्ञाला विचारावे. क्रम असा : प्रथम कुशीवर वळावे. कोपरावर, मग दोन्ही हातांवर व गुडघ्यांवर यावे. रांगत त्या भक्कम खुर्चीपाशी जावे, दोन्ही हात बैठकीवर ठेवावेत, बळकट पाय पुढे टेकवून जोर द्यावा आणि वळून खुर्चीत बसावे. तेथेच दोन मिनिटे थांबावे.

जवळच्यांनी खरोखर पडलेल्याला लगेच बगलेत धरून उचलू नये. आधी विचारावे, कोठे दुखते? खुब्यात तीव्र कळ असेल, एक पाय आखूड झाल्यासारखा आणि बाहेर वळलेला दिसत असेल, किंवा डोके आपटले असून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर हलवू नये. पांघरूण घालून १०८ क्रमांकाला फोन लावावा. आणि जे घरी एकटे असतात त्यांनी फोन टेबलावर न ठेवता सदऱ्याच्या खिशात किंवा गळ्यात अडकवलेल्या पिशवीत ठेवावा, कारण जमिनीवरून टेबल फार उंच असते.