न्हाणीतली चूल आणि सुकी लाकडे

गोव्यात थंडीसाठी घर तापवावे लागत नाही. आमच्याकडे तापवायचे असते ते न्हाणीतले भाण. तांब्याचे, बाहेरून काळेकुट्ट, चुलीवर कायमचे बसवलेले. गॅस आला, गीझर आला, तरी गावच्या काही घरांत ते अजून आहे आणि त्याखाली काय घालायचे हा प्रश्नही आहे.

आमच्या आजीचा हिशेब ठरलेला असे. पेटवायला चुडते, जाळ धरायला करट्या, जाळ टिकवायला काजूचे किंवा फणसाचे लाकूड. नारळाची सोडणे शेवटी. ती भडकत नाहीत, आतल्या आत धुमसत राहतात आणि पाणी उशिरापर्यंत ऊन ठेवतात. सावर, पांगारा ही हलकी लाकडे भुर्रकन जळतात, निखारा उरत नाही. काजूबियांच्या टरफलांना मात्र तिच्या चुलीजवळ थारा नव्हता. त्यांतले तेल भडकते आणि धूर डोळ्यांना, कातडीला बाधतो.

पण लाकूड कुठले यापेक्षा ते किती सुके, हे महत्त्वाचे. ताज्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणीच असते. चांगले सुकल्यावर ते २० टक्क्यांच्या खाली येते. एक लिटर पाण्याची वाफ करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात ४० लिटर पाणी आंघोळीपुरते ऊन होते. म्हणजे ओले लाकूड वजनावर घेणारा पाण्याचे पैसे मोजतो आणि ते पाणी उडवायला पुन्हा लाकूडच जाळतो. दोन तुकडे एकमेकांवर आपटून पाहा. सुके खणखणते, ओले थप्प वाजते. म्हणून दिवाळीनंतर लाकडे फोडून, जमिनीपासून उंच, वारा खेळेल अशी रचायची आणि मे महिन्यात पुरुमेताबरोबर आत घ्यायची.

चुलीवरच्या पाण्याची आंघोळ किती सुखाची, असे आम्ही पुरुष मंडळी फार प्रेमाने लिहितो. श्रावणात दमट लाकडाला फुंकर घालून खोकणारी बाई त्यात नसते. आजीला शेवटची काही वर्षे चार पायऱ्या चढताना दम लागे. विडी तिने कधी ओढली नव्हती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न चुलीचाच विचारला.

भाण ठेवायचे तर जरूर ठेवा. पण लाकूड सुके हवे, धूर जायला वाट हवी. बंद न्हाणीत निखारे तर कधीच नकोत. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. आणि अधूनमधून जाळ घालायला आपणही बसावे.